स्पीड १२चा ड्रायव्हर घ्यावा का? आधी मैदानावर मोजून बघा

डिस्क गोल्फ म्हणजे डिस्क फेकत फेकत, कमीत कमी फेकांत ती दूरच्या बास्केटमधे टाकायचा खेळ. त्याची पहिली ऑर्डर देताना बहुतेकांची नजर डिस्कवरच्या एकाच आकड्यावर जाते : स्पीड. १२ किंवा १३ लिहिलेली डिस्क लांब जाणार, ७ लिहिलेली कमी जाणार, असा सरळ हिशोब मनात होतो. पुण्यात डिस्क मागवायची म्हणजे ती बहुधा बाहेरून येते. वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं पडतं आणि नाही जमली तर परत पाठवणं परवडत नाही. म्हणून हा हिशोब पैसे भरण्याआधी तपासायला हवा.

उत्तर आधीच देऊन टाकू. वारा नसताना, सपाट मैदानावर, तुमची स्पीड ७ची डिस्क सरासरी ८० मीटरच्या आत पडत असेल, तर स्पीड १२चा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्यासाठीची डिस्क, तुमच्या उपयोगाचा नाही. सरासरी ८० ते १०० मीटरच्या मधे असेल, तर स्पीड ९ ते ११ची हलकी, अंडरस्टेबल (वेगात उजवीकडे कलणारी) डिस्क काही मीटर वाढवून देईल. शंभरी नेहमी ओलांडत असाल, तर स्पीड १२ जरूर घ्या. हे आकडे ढोबळ आहेत, पण बहुतेक हौशी खेळाडूंना लागू पडतात. त्यातला ‘सरासरी’ हा शब्द मात्र सोडू नका. गेल्या दिवाळीत एकदा ९५ मीटर गेली होती, हे अंतर यात धरायचं नाही.

आकडा काय मागतो

प्रत्येक डिस्कला चार आकडे दिलेले असतात : स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. इनोव्हा कंपनीच्या डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचे आकडे १२, ५, उणे १, ३. टीबर्डचे ७, ५, ०, २. लेपर्डचे ६, ५, उणे २, १. डिस्क्राफ्टच्या बझ या मिडरेंजचे (मधल्या पल्ल्याच्या डिस्कचे) ५, ४, उणे १, १, आणि एव्हिआर पटरचे (बास्केटजवळ वापरायच्या डिस्कचे) २, ३, ०, १.

ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता. टर्न म्हणजे वेग असताना, उड्डाणाच्या पहिल्या टप्प्यात डिस्क उजवीकडे किती कलते. आकडा जितका उणे, तितकी जास्त कलते. फेड म्हणजे वेग संपत आल्यावर ती डावीकडे किती ओढली जाते. हे सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी. डावखुऱ्यांनी, आणि उजव्या हाताने फोरहँड मारणाऱ्यांनी, या लेखातली डावी-उजवी बाजू उलटी धरावी.

स्पीड १२चा अर्थ ‘ही डिस्क वेगात जाते’ असा नाही. चारही आकड्यांप्रमाणे उडण्यासाठी ती हातातून किती वेगाने सुटली पाहिजे, त्याची ही प्रतवारी आहे. वेग हाताने द्यायचा असतो, प्लास्टिक तो देत नाही. स्पीड ७च्या डिस्कला साधारण ८० किमी ताशी वेग पुरतो. स्पीड १२ची डिस्क छापलेल्या आकड्यांसारखी उडायला ९५ ते १०० किमी ताशी लागतो. हौशी खेळाडूंपैकी बरेच जण ६५ ते ८० किमीच्या पट्ट्यात असतात.

हा फरक येतो तो रिममुळे, म्हणजे बोटांनी धरायच्या डिस्कच्या काठामुळे. मिडरेंजची रिम सव्वा-दीड सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते, टीबर्डची १.७, डिस्ट्रॉयरची २.२. खेळाची संघटना पीडीजीए २.६ सेंटिमीटरपेक्षा रुंद रिम मान्यच करत नाही. १९८३ साली डेव्ह डनिपेस यांनी इनोव्हाच्या ईगलला उतरती, धारदार कड दिली. त्याआधी डिस्कच्या कडा गोलसरच असायच्या. तिथून पुढे कड पातळ आणि रिम रुंद होत गेली. अशी कड हवा सुरेख कापते, पण तिचा फायदा वेगासोबतच वाढतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ७० किमीने सुटलेल्या डिस्कवरचा विरोध १००ने सुटलेल्या डिस्कच्या जेमतेम निम्मा. म्हणजे पातळ कड जो विरोध वाचवते, तोच मुळात निम्म्यावर आलेला असतो.

मंद हातातून ती डावीकडे का पडते

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग भरपूर असताना ती हवेत जवळजवळ आडवी जाते, आणि हवा तिला जिथे उचलते तो बिंदू डिस्कच्या मध्याच्या थोडा मागे असतो. त्यामुळे पुढची कड खाली दाबली जाते. डिस्क गरगर फिरत असल्यामुळे या दाबाचा परिणाम पुढे न दिसता पाव फेरीनंतर, म्हणजे उजव्या कडेवर दिसतो. उजवी बाजू खाली जाते, हाच टर्न. वेग कमी झाला की डिस्क खाली बसू लागते, हवा खालून लागते, उचलीचा बिंदू पुढे सरकतो आणि पुढची कड वर ढकलली जाते. पुन्हा पाव फेरीचा हिशोब लागतो, उजवी बाजू वर येते आणि डिस्क डावीकडे कलते. हा फेड.

डिस्ट्रॉयरला पहिला टप्पा मिळायला मोठा वेग लागतो. ७० किमीने सोडली तर पहिला टप्पा येतच नाही, ती थेट दुसऱ्यापासून सुरू होते. हातातून सुटते आणि लगेच डावीकडे वळायला लागते. लेपर्डला तोच ७० किमी वेग पुरेसा असतो. ती आधी थोडी उजवीकडे जाते, मग परत सरळ येते, आणि या दोन वळणांत हवेत जास्त वेळ राहते.

नुकसान किती होतं ते आकड्यांत पाहा. समजा बास्केट ८० मीटरवर सरळ समोर आहे. स्पीड १२ची डिस्क टीपासून (फेकायच्या जागेपासून) ७५ मीटरवर पडली, पण रेषेच्या २० मीटर डावीकडे. स्पीड ७ची डिस्क ७०वरच पडली, पण फक्त ६ मीटर डावीकडे. पहिलीला बास्केटपर्यंत २१ मीटर उरतात, दुसरीला १२. पाच मीटर ‘लांब’ गेलेली डिस्क प्रत्यक्षात नऊ मीटर मागे राहिली. पटिंगचं, म्हणजे बास्केटमधे जवळून टाकायचं, वर्तुळ १० मीटर त्रिज्येचं असतं, त्यामुळे हा फरक बहुधा पूर्ण एका फेकीचा होतो.

जागतिक विक्रमाचा दाखला इथे बरेच जण देतात. डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर अंतर गाठलं, ते बॉस या स्पीड १३च्या डिस्कनेच. ती फेक पाठीवर जोरदार वारा घेऊन, फक्त अंतरासाठी केलेली होती, आणि हात जगातल्या सर्वांत वेगवान हातांपैकी एक होता. त्यावरून डिस्कची कमाल मर्यादा कळते, तुमच्या हाताला ती काय देईल ते कळत नाही.

पुण्याची हवा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. त्यामुळे सारख्याच तापमानाला मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा इथली हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंश आणि मेच्या दुपारचे ३९ अंश यांच्यामुळे आणखी सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो. विरळ हवेत उचल कमी मिळते, टर्न कमी होतो, फेड लवकर येतो. म्हणजे मेमधे प्रत्येक डिस्क छापलेल्या आकड्यापेक्षा जरा जास्त ओव्हरस्टेबल (डावीकडे ओढणारी) वागते. वेगवान हाताला हे फारसं जाणवत नाही. मंद हाताच्या बाबतीत मात्र आधीच अपुरा पडणारा ड्रायव्हर आणखी अपुरा पडतो. परदेशी खेळाडूने समुद्रकाठच्या थंड गावातून केलेली शिफारस इथे तशीच्या तशी लागू होत नाही, ती थोडी अंडरस्टेबल बाजूला सरकवून घ्यावी.

चाचणी : जागा आणि वेळ

सपाट, किमान १५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद जागा लागते. ४०० मीटरचा ट्रॅक असलेल्या मैदानाच्या आतली जागा साधारण १५७ बाय ७३ मीटर असते, ती पुरेशी आहे. सणस मैदानासारख्या ठिकाणी सकाळी धावणारे असतात, तेव्हा परवानगी आणि मोकळी वेळ दोन्ही मिळाल्याशिवाय तिथे डिस्क काढू नका. कॉलेजची मैदानं रविवारी क्रिकेटने भरलेली असतात. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी सव्वासहा ते साडेसात ही वेळ बरी.

वेताळ टेकडी किंवा तळजाईवर ही चाचणी करू नका. उतारावर अंतर खोटं वाढतं, गिरिपुष्पाच्या झाडीत आणि वाळक्या गवतात डिस्क हरवते, आणि वाटेवर चालणारी माणसं वळणापलीकडून अचानक समोर येतात. १७० ग्रॅमची डिस्क ८० किमी वेगाने लागली तर त्याच वेगाच्या लेदर बॉलइतकाच मार बसतो, आणि तोही पातळ कडेने. पुढे दीडशे मीटर मोकळं दिसत नसेल तर फेकायचं नाही.

वाऱ्याकडे खास लक्ष द्या, कारण इथेच लोक फसतात. एप्रिल-मेमधे संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, पावसाळ्यात तर दिवसभर असतो. समोरून २० किमीचा वारा असेल आणि तुम्ही डिस्क ७० किमीने सोडली, तर हवेच्या मानाने ती ९०ने जाते. मग स्पीड १२ची डिस्क छान सरळ उडते आणि वाटतं, ही तर आपल्याला जमली. वारा पाठीमागून असेल तेव्हा तीच डिस्क धपकन डावीकडे पडते. म्हणून चाचणी वारा पडलेला असतानाच करा. चिमूटभर वाळकं गवत खांद्याच्या उंचीवरून सोडा. ते पावलाभरापेक्षा दूर उडालं तर त्या दिवशी नोंदी करू नका.

चाचणी : मोजणी

बोहरी आळीत ५० मीटरची फायबरची मोजपट्टी मिळते, ती सगळ्यात सोपी. नसेल तर क्रिकेटची खेळपट्टी वापरा. स्टंप ते स्टंप अंतर २०.१२ मीटर असतं. खेळपट्टीवरून नव्हे, तिच्या शेजारून चार वेळा चाला, पावलं मोजा आणि एका पावलाची लांबी काढा. फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. त्यात तीन ते पाच मीटरची चूक सहज येते, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा आहे.

टीपासून एक सरळ रेषा ठरवा आणि ४० मीटरपासून दर दहा मीटरवर खूण ठेवा. विटेचा तुकडा नको, कारण डिस्क त्यावर आपटते. कापडाची पट्टी किंवा चपटा कोन चालतो. चार डिस्क घ्या : एक पटर, एक मिडरेंज, एक स्पीड ६ किंवा ७ची फेअरवे (मिडरेंज आणि ड्रायव्हर यांच्या मधली), आणि ज्याबद्दल शंका आहे तो ड्रायव्हर. तो विकत घ्यायच्या आधीच ही चाचणी व्हायला हवी, तेव्हा एखाद्या खेळणाऱ्याकडून सकाळपुरता मागून घ्या. ड्रायव्हर आणि फेअरवे यांचं वजन एकमेकांपासून पाच ग्रॅमच्या आत असावं. बहुतेक डिस्कच्या खालच्या बाजूला वजन लिहिलेलं असतं. १५० ग्रॅमची एक आणि १७५ ग्रॅमची दुसरी घेतलीत तर तुम्ही स्पीड नाही, वजन तपासत आहात.

खांदा आणि कंबर मोकळी करून पटरच्या दहा-पंधरा सोप्या फेका करा. मग प्रत्येक डिस्क दहा वेळा फेकायची, पण ओळीने दहा नाही. पटर, मिडरेंज, फेअरवे, ड्रायव्हर अशी एक फेरी, आणि अशा दहा फेऱ्या. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी फेकला की हात थकलेला असतो, सगळ्यात आधी फेकला की हात गरम झालेला नसतो. फेऱ्यांमुळे हा अन्याय सगळ्यांवर सारखा वाटला जातो. मधे दर तीन फेऱ्यांनी पाच मिनिटं थांबा.

प्रत्येक फेकीच्या तीन नोंदी करा : रेषेवर पुढे किती, रेषेपासून डावी-उजवीकडे किती, आणि पडल्यावर किती घसरली. तिसरी नोंद पुण्यात महत्त्वाची आहे. मुरमाच्या कडक मैदानावर ओव्हरस्टेबल ड्रायव्हर डाव्या कडेवर पडतो आणि आणखी आठ-दहा मीटर डावीकडे घसरतो. टीवरून बघताना ते ‘अंतर’ वाटतं. पावसाळ्यात काळ्या मातीत तीच डिस्क पडली तिथे रुतते. अंतर पडल्या जागेपर्यंतचंच धरा.

आता प्रत्येक डिस्कच्या सर्वांत लांब दोन आणि सर्वांत आखूड दोन फेका सोडून उरलेल्या सहांची सरासरी काढा. पुढचं अंतर आणि बाजूचं अंतर, दोन्हींची.

फेअरवे आणि ड्रायव्हर यांच्या पुढच्या अंतरात आठ मीटरपेक्षा कमी फरक असेल आणि ड्रायव्हर बाजूला दुप्पट भरकटत असेल, तर प्रश्न मिटला, नका घेऊ. फरक आठ ते बारा मीटरचा आणि बाजूचं अंतर जवळपास सारखं असेल, तर ड्रायव्हर तुमच्यासाठी काम करतोय. तिसरी शक्यता हौशी खेळाडूंमधे बरीच दिसते : मिडरेंज, फेअरवे आणि ड्रायव्हर तिन्ही एकाच ठिकाणी, समजा ६० ते ६५ मीटरच्या दरम्यान पडतात. तेव्हा डिस्क बदलून काहीच होणार नाही. डिस्कची पुढची कड वर राहून ती सुटते आहे. त्याचा उपाय पुढे आहे.

फोनने वेग कसा काढायचा

रडार नसलं तरी चालतं. ज्या फोनमधे सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन आहे तो पुरे. टीच्या पुढे, डिस्क जाते त्याच रेषेवर, पाच मीटर अंतराने दोन काठ्या उभ्या करा. फेक त्या काठ्यांच्या अगदी जवळून गेली पाहिजे. फोन बाजूला दहा मीटरवर, दोन्ही काठ्यांच्या मधोमध समोर, स्टँडवर ठेवा. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवत, डिस्कची पुढची कड पहिल्या काठीशी आल्यापासून दुसऱ्या काठीशी येईपर्यंतच्या फ्रेम मोजा. ४३२० या आकड्याला फ्रेमच्या संख्येने भागा, वेग किमी ताशीमधे मिळतो. ६७ फ्रेम म्हणजे ६४ किमी, ५४ म्हणजे ८०, ४४ म्हणजे ९८.

डिस्क काठ्यांपासून एक मीटर पलीकडून गेली तर खरा वेग या उत्तरापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त असतो, अलीकडून गेली तर तितकाच कमी. म्हणून भरकटलेल्या फेका मोजू नका. पाच चांगल्या फेकांची सरासरी ७२च्या खाली असेल तर मिडरेंज आणि स्पीड ६-७, ७२ ते ८५ला स्पीड ७ ते ९, ८५ ते ९७ला ९ ते ११, आणि त्यापुढे १२-१३. वेग चांगला आणि अंतर कमी, असं निघालं तर ती आनंदाची बातमी समजा. हात तयार आहे, फक्त डिस्कचा कोन चुकतोय, आणि कोन वेगापेक्षा लवकर सुधारतो.

काय बिघडतं आणि का

डिस्क वर चढते, थबकते आणि डावीकडे कोसळते : पुढची कड वर आहे. फोन तुमच्या मागे, डिस्क सुटते त्या उंचीला ठेवा. सुटल्याबरोबर डिस्कची वरची बाजू दिसली तर निदान पक्कं. कड बरोबर असेल तर मागून डिस्कची फक्त एक पातळ रेघ दिसते. दुरुस्ती मनगटात आहे. किटलीतून चहा ओतताना अंगठ्याची बाजू जशी पुढे झुकते, तितकं मनगट पकड घेतानाच झुकवा आणि फेक संपेपर्यंत तसंच ठेवा. बाजूने पाहिलं तर कोपरापासूनचा हात आणि डिस्क एकाच पातळीत दिसली पाहिजे. दुसरं कारण शरीर मागे रेलणं. लांब फेकायच्या नादात मागच्या पायावर वजन राहतं, खांदा वर होतो आणि डिस्कही वर. स्पीड १२च्या डिस्कवर ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण पातळ कडेची डिस्क वर तोंड करून गेली की तिचा मूळ फायदाच जातो. पटर आणि मिडरेंज थोडी चूक पोटात घालतात.

सुटल्यापासूनच डावीकडे जाते : वेग कमी आहे की हातच तिरका आहे, हे ओळखायला लेपर्डसारखी अंडरस्टेबल डिस्क फेका. तीही डावीकडे गेली तर तुम्ही नकळत हायझर देताय, म्हणजे बाहेरची कड खाली ठेवून सोडताय. ती सरळ गेली तर हात बरोबर आहे, ड्रायव्हरला वेग पुरत नाही एवढंच.

ड्रायव्हर उजवीकडे उलटतो : हे पाहून अनेकांना वाटतं की आपल्या हातात फार जोर आहे. ७० किमीच्या हाताने डिस्ट्रॉयर उलटत असेल तर कारण जोर नाही. सोडताना मनगट वरून फिरवलं जातंय आणि डिस्क डुगडुगत सुटतेय. व्हिडिओत पहिल्या दहा मीटरमधे डुगडुग दिसते का पाहा. पटर ५०-६० मीटर सरळ फेकायचा सराव हेच यावरचं औषध. पटर ही चूक लगेच उघडी पाडतो, ओव्हरस्टेबल ड्रायव्हर ती लपवतो. सुरुवातीलाच जास्त स्पीडचा ड्रायव्हर हातात घेणाऱ्यांचं खरं नुकसान इथे होतं, अंतरात नाही. चूक दिसतच नाही, म्हणून सुधारतही नाही.

डिस्क अधूनमधून लवकर निसटते : रिम हाताला रुंद आहे. चारही बोटं आत घालून घट्ट पकड घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी बाहेरची कड ओढायला सांगा. बोटांची टोकं रिमच्या आतल्या भिंतीला टेकत नसतील तर डिस्क सहज सुटेल. लहान हाताच्या खेळाडूला २.२ सेंटिमीटरची रिम बहुधा जड जाते. त्यांनी वेग असला तरी स्पीड ९लाच थांबावं, त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात हे दुपटीने जाणवतं. दोन कोरडे रुमाल जवळ ठेवा, एक डिस्कसाठी, एक हातासाठी.

मग घ्यायचं काय

सुरुवातीला तीन डिस्क पुरेत. एव्हिआरसारखा पटर, बझसारखी मिडरेंज, आणि लेपर्डसारखी अंडरस्टेबल फेअरवे, १६५ ते १७० ग्रॅममधे. पटर स्वस्त प्लास्टिकचा चालतो, पकडही बरी मिळते. फेअरवे मात्र चांगल्या, टिकाऊ प्लास्टिकची घ्या. आपल्याकडे गवताखाली मुरूम आणि काळा दगड असतो. स्वस्त प्लास्टिकची कड काही आठवड्यांत खरवडते आणि खरवडलेली डिस्क आणखी अंडरस्टेबल होत जाते. टिकाऊ प्लास्टिकची तीच डिस्क नवी असताना किंचित जास्त ओव्हरस्टेबल उडते, हे निवडताना लक्षात असू द्या. अल्टिमेटची १७५ ग्रॅमची डिस्क घरात असेल तर ती इथे पर्याय नाही. तिचा व्यास २७ सेंटिमीटरच्या वर, गोल्फ ड्रायव्हरचा २१च्या आसपास. पण तुमची फिरकी आणि संतुलन अल्टिमेटमधे तयार झालं असेल तर फोरहँडची चाचणी वेगळी करा. तीच गोष्ट आडव्या हाताने थ्रो करणाऱ्या क्रिकेटपटूंची. अशांचा फोरहँड बॅकहँडपेक्षा वेगवान निघू शकतो आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या स्पीडची डिस्क लागू शकते.

पटर ६० मीटर, मिडरेंज ७५ आणि फेअरवे ९० मीटर, दहापैकी सात फेका रेषेच्या दहा मीटरच्या आत, इथे पोहोचलात की एक पायरी वर जा. ती पायरी साइडवाइंडर (९, ५, उणे ३, १) किंवा व्हॅल्किरी (९, ४, उणे २, २) यांसारखी असावी, १५० ते १६५ ग्रॅममधे. हलक्या डिस्कला वेग देणं सोपं जातं, वाऱ्यात मात्र ती जास्त हलते. थेट स्पीड १२ घ्यायचीच असेल तर निदान उणे ३ टर्नची घ्या. डिस्क गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. एप्रिलमधे त्या वाकतात, आणि वाकलेल्या डिस्कवर केलेली कोणतीही चाचणी फुकट जाते.

घरात आधीच पडलेला ड्रायव्हर

डिस्ट्रॉयर आधीच घेऊन बसला असाल तर तो विकायची घाई नको. अंतरासाठी नाही, पण इतर कामांसाठी तो कमी वेगातही भरवशाचा आहे, कारण त्याचा फेड नक्की येतो. ४०-५० मीटरवर झाडामागे डावीकडे वळणारी फेक हवी असेल तर तो हायझरवर सोडा. कडक जमिनीवर बुटक्या फांद्यांखालून न्यायचं असेल तर खाली, सपाट फेका आणि डावीकडे घसरू द्या. समोरून जोराचा वारा असेल तर मंद हातालाही तो थोडा वेळ सरळ जातो, पण त्या कामाला स्पीड ७ची ओव्हरस्टेबल डिस्क अधिक नेमकी.

सगळ्यात चांगला उपयोग डोक्यावरून फेकायचा, म्हणजे टोमॅहॉक. डिस्क उभी धरून, सीमारेषेवरून विकेटकीपरकडे बॉल टाकतो तसा हात आणायचा. उभी सुटलेली डिस्क हवेत उलटी होऊन झाडांच्या वरून पलीकडे पडते. रुंद रिम इथे घट्ट पकडता येते, आणि ओव्हरस्टेबल डिस्क लवकर उलटत नाही, म्हणून जास्त पल्ला मिळतो. ज्यांचा थ्रो क्रिकेटमुळे तयार आहे त्यांचा यात पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी जम बसतो. खांदा आधी पूर्ण गरम करा, सुरुवात अर्ध्या जोराने करा, आणि एका सत्रात पंधरापेक्षा जास्त टोमॅहॉक मारू नका. गार खांद्याने पूर्ण जोर लावला तर दुखणं खांद्याच्या पुढच्या भागात आणि कोपराच्या आतल्या बाजूला सुरू होतं. ते जाणवलं की त्या आठवड्यात फक्त पटिंग करायचं.